लेकरू काचेत आहे, सरफॅक्टंट लागणार म्हणालेत: कुठं जायचं आणि कोणते कागद लागतात

माझ्या मोठ्या बहिणीची डिलिव्हरी सातव्या महिन्यातच झाली. ३० आठवडे, वजन १२०० ग्रॅम, श्वास घेताना लेकराची छाती आत खेचायची आणि कण्हल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे श्वास सोडताना फुफ्फुस मिटू न देणारा पदार्थ, तयारच झालं नाही, बाहेरून द्यावं लागेल. दाजींचा पहिला प्रश्न, "फॉर्म कुठं भरायचा?"

तर आधी हेच सांगतो, सरफॅक्टंटचा वेगळा फॉर्म नसतो. द्यायचं का नाही ते डॉक्टर ठरवतात, आपण संमतीपत्रावर सही करायची, आणि खर्च ज्या योजनेत बसतो तिचे कागद जमवायचे. पण कागद जमेपर्यंत लेकराला थांबवू नका, कारण हे औषध पहिल्या काही तासांत जितकं लवकर जाईल तितका फायदा जास्त.

कुणाला देतात? जास्त करून ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांना, पण त्यातल्याही सगळ्यांना नाही. आधी सीपॅप लावतात, म्हणजे नाकातून दाबानं हवा, आणि तरीबी ऑक्सिजन वाढवावाच लागला तर मग नळीनं औषध थेट श्वासनलिकेत. आमच्या वेळी सिस्टरनी फ्रिजमधून बारकी बाटली काढली आणि मुठीत धरून बसल्या. मी म्हटलं हे काय, तर म्हणाल्या गार देत नाहीत आणि हलवायची पण नाही, फेस होतो. आतलं पांढरं, दुधासारखं. डोस वजनावर असतो, आमच्यावाल्या ब्रँडचा किलोला अडीच एमएल, म्हणजे आमच्या लेकराला ३ एमएल. एवढ्याशा बाटलीची किंमत ऐकून दाजी खालीच बसले.

महाग का, तर ते गाईच्या नाहीतर डुकराच्या फुफ्फुसातून काढतात. हो, खरंय, आणि घरात कुणाला त्याची अडचण असेल तर सही करायच्या आधीच डॉक्टरला मोकळं विचारा. कारखान्यात बनवलेलं सिंथेटिक पण निघालंय. अमेरिकेत १९९० ला एक्झोसर्फला परवानगी मिळाली पण त्यात नुसती चरबी होती, सरफॅक्टंटमधली प्रोटीनं नव्हती, म्हणून ते जनावराच्या औषधापुढं टिकलं नाही. मग प्रोटीनची नक्कल घातलेलं सर्फॅक्सिन २०१२ ला मंजूर झालं आणि २०१५ ला बाजारातून गेलं पण. आता दोन प्रोटीनांची नक्कल असलेल्या नव्या औषधाच्या चाचण्या झाल्यात. ते जमलं तर जनावरावर अवलंबून राहायला नको, तोवर आपल्याकडं ही बाटलीच.

आता पैशाचं. सगळ्यात सोपा रस्ता सरकारी दवाखाना. जिल्हा रुग्णालयाचं एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग, नाहीतर संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड विष्णुपुरी इथली मेडिकल कॉलेजं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात आजारी बाळाला औषध, तपासण्या, रक्त, गाडी सगळं फुकट, एक वर्षाचं होईपर्यंत. जात, उत्पन्न, पिवळं कार्ड काहीच अट नाही. माता बाल संरक्षण कार्ड आणि आईचं आधार जवळ ठेवा, आणि न्यायला १०२ नाहीतर १०८. बाहेरून औषध आणा म्हणाले तर गुपचूप चिठ्ठी घेऊन मेडिकलवर पळू नका, वैद्यकीय अधीक्षकाला भेटा किंवा १०४ ह्या आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा.

प्रायव्हेटमध्ये असाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. दवाखाना योजनेत पाहिजे, ते १५५३८८ वर कळतं. पूर्वी पिवळं, केशरी कार्ड लागायचं, आणि मराठवाड्यासकट १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून मिळायचं, आता कुठलंही रेशनकार्ड चालतं. लेकराचं नाव कार्डावर कसं असणार, म्हणून आई-बापाचं रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला आणि आई नाहीतर बापासोबतचा बाळाचा फोटो. दाखल्यासाठी बारशाची वाट बघू नका, नाव न टाकता पण जन्मनोंद होते, २१ दिवसांच्या आत फुकट, नाव नंतर घालता येतं.

आम्ही इथंच फसलो. पहिले दोन दिवस एका प्रायव्हेटमध्ये होतो, तिथं आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो हे तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं सांगितलं, तोवर बाटलीचे पैसे रोख भरून झाले होते. तुम्ही दारातच विचारा आरोग्यमित्र कुठंय, आणि सरफॅक्टंट पॅकेजमध्येच आहे का वेगळं बिल लावणार ते पण. इमर्जन्सी असली तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात.

ह्यातलं काहीच बसलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. नवजात बाळाचे आजार त्यांच्या यादीत आहेत. अर्ज, दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, रेशनकार्ड, आईचं आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्न दाखला, १ लाख ६० हजारांच्या आतला. दाखला महा-ई-सेवा केंद्रातून निघतो पण दिवस लागतात, म्हणून सातवा लागला की काढूनच ठेवा. लेकरू ॲडमिट असतानाच अर्ज करा, डिस्चार्ज झाल्यावर जाऊन उपयोग नाही. धर्मादाय दवाखाना असेल तर तिथं १० टक्के खाटा निर्धनांसाठी राखीव असतात, उत्पन्न दाखला तिथं पण कामाला येतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी खास लक्षात ठेवा, बीडहून कोल्हापूरकडं गेलात तरी वरचं सगळं तिकडं पण चालतं. फक्त रेशनकार्ड गावात पेटीत ठेवून जाऊ नका, आणि माता बाल कार्ड कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, सोबत पाहिजे. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर लेकराच्या फुफ्फुसासाठी आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, १२-१२ तासांनी ४, आणि पहिलं उपकेंद्रातली एएनएम ताई, म्हणजे तिथली नर्स, देऊन मग पुढं पाठवू शकते. महिना कितवा ते कार्डावरूनच कळतं. आमच्या बहिणीला ते मिळालंच नाही, कार्ड माहेरी राहिलं होतं.

सरकारी दवाखान्यातून घरी सोडताना गाडी पण फुकट असते, विचारून घ्या. आणि अशा लेकराचे डोळे जन्मानंतर चौथ्या आठवड्यात तपासावे लागतात, त्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.