बेचैन मनाला सैलावणे शिकवण्याची पार्श्वभूमी

सतत चिंतेत राहणाऱ्या माणसाला आज डॉक्टर, समुपदेशक किंवा घरचेच कोणी दहा-वीस मिनिटांचे एखादे ध्वनिमुद्रण ऐकायला सुचवतात. डोळे मिटून पडायचे, पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग ताणायचा आणि सोडायचा, आणि शेवटी सगळे शरीर हलके झाल्याचा अनुभव घ्यायचा, असा त्याचा साचा असतो. अनेकांना त्याने बरे वाटते. मात्र ज्यांचे मन मुळातच जागच्या जागी ठरत नाही, त्यांच्यापैकी काही जण उठतात ते अधिकच धास्तावून, आणि आपल्याला साधे आराम करणेही जमत नाही, असा ठपका स्वतःवर ठेवून मोकळे होतात. हा ठपका अन्यायाचा आहे, असे या विषयाचा मागील शंभर वर्षांचा इतिहास पाहिल्यावर स्पष्टपणे म्हणता येते. जे शिक्षण मुळात कित्येक महिन्यांचे होते, ते १९५० च्या दशकात एका वेगळ्या कामासाठी छाटले गेले, आणि पुढे त्या छाटलेल्या रूपालाच संपूर्ण पद्धत मानण्यात आले. आजच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ तेथे आहे.

आपल्याकडील जुन्या परंपरेबद्दल येथे थोडक्यातच लिहितो, कारण वाचकांना ती परिचित आहे. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत शवासनाला एकच श्लोक दिला आहे. प्रेतासारखे जमिनीवर उताणे पडावे, त्याने थकवा जातो आणि चित्ताला विश्रांती मिळते, एवढेच तो सांगतो. ज्याचे चित्त पडल्या पडल्याच दहा दिशांना धावते त्याने काय करावे, हे तेथे नाही. ते गुरूने समोर बसून सांगायचे, असे गृहीत असावे.

लेखी, टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम तयार झाला तो अमेरिकेत. १९०८ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात एक तरुण संशोधक अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने माणसे कशी दचकतात याचा अभ्यास करत होता. स्नायू खरोखर सैल असलेली माणसे त्याच आवाजाला फारच कमी दचकतात, असे त्याच्या ध्यानात आले. पुढे वैद्यकाची पदवी घेऊन तो शिकागोला स्थिरावला आणि त्याने उरलेले आयुष्य या एकाच प्रश्नाला वाहिले. त्याचा शास्त्रीय ग्रंथ १९२९ मध्ये आणि सामान्य वाचकांसाठीचे पुस्तक १९३४ मध्ये निघाले. स्नायूंतील विद्युतदाब व्होल्टच्या दशलक्षाव्या भागापर्यंत मोजण्याची सोय त्याने करवून घेतली. त्या मोजमापांतून असे दिसले की, माणसाने हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युतहालचाल होते, काही दृश्य मनात आणले तर डोळ्यांच्या स्नायूंत होते, आणि मनातल्या मनात बोलले तर जीभ व ओठांच्या स्नायूंत होते. चिंता करणारा माणूस बाहेरून निश्चल पडलेला दिसला तरी त्याचे डोळे आणि जीभ आत काम करत असतात, हा त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष होता, आणि म्हणून त्याच्या अभ्यासक्रमात डोळे व वाणी यांचे स्नायू सर्वांत शेवटी, बाकी सगळे शरीर शिकून झाल्यावर येत.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालत असे, ते जवळून पाहण्याजोगे आहे. पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने उताणे पडून डोळे मिटायचे, थोडा वेळ तसेच राहायचे आणि मग एकाच हाताचा पंजा मनगटातून मागे वळवायचा. त्या वेळी मनगटाच्या सांध्यात जो ओढा जाणवतो तो सहज कळतो, मात्र शोधायचा असतो तो कोपराखालच्या स्नायूतला ताण. तो इतका पुसट असतो की अनेकांना आरंभी सापडतच नाही. शिक्षकाने तो कोठे आहे हे सांगून टाकायचे नसते, विद्यार्थ्याने स्वतः तो ओळखायचा असतो. ओळख पटली की हात खाली पडू द्यायचा आणि कित्येक मिनिटे काहीही न करता राहायचे. तासाभराच्या बैठकीत ही क्रिया फार तर दोन-तीनदा होई, आणि त्या दिवसाचा धडा तेवढाच. दुसऱ्या दिवशी पंजा पुढे वळवायचा. अधूनमधून पूर्ण बैठकीत काहीच न ताणता नुसते सैल राहण्याचा दिवस येई. असे करत एका हाताला आठवडा, मग दुसरा हात, पाय, धड, मान, आणि सरतेशेवटी डोळे व वाणी. येथे स्नायू ताणायचा तो ताणाची चव कळावी म्हणून, आणि म्हणूनच तो दिवसेंदिवस कमी कमी ताणायचा, जेणेकरून अगदी अल्प ताणही ध्यानात यावा. तुम्ही आता शांत होत आहात, तुम्हाला जड वाटते आहे, अशा सूचना देण्यास शिकागोच्या या डॉक्टरचा ठाम विरोध होता, कारण सूचनेने माणसाला सैलावल्याचा भास होऊ शकतो आणि स्नायू मात्र ताठच राहतात. सैल होण्यासाठी जोर लावणे म्हणजे सैल न होणे, ही त्याची मुख्य शिकवण होती. त्याच काळात, १९३२ मध्ये, बर्लिनमधील एका मनोविकारतज्ज्ञाने नेमकी उलटी वाट धरून जडपणा व उबेची वाक्ये मनात म्हणण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे दोन्ही वाटा एकमेकींत मिसळल्या, आणि आजच्या ध्वनिमुद्रणांत दोन्हींचे तुकडे शेजारी शेजारी ऐकू येतात.

मूळ अभ्यासक्रमाला लागणारा वेळ हीच त्याची अडचण ठरली. जोहान्सबर्गमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस मांजरांवर प्रयोग करून भीती कशी शिकली व विसरली जाते हे पाहणाऱ्या एका मनोविकारतज्ज्ञाला माणसांच्या विशिष्ट भीतींवर उपचार करायचे होते. उंची, कुत्री, गर्दी यांची भीती असलेल्या रुग्णाला भीतीच्या पायऱ्या एकेक करून मनात आणायला लावायचे आणि प्रत्येक पायरीवर भीतीच्या विरोधी अशी एखादी अवस्था जोडीला ठेवायची, अशी त्याची योजना होती. ती विरोधी अवस्था म्हणून त्याने शिकागोची पद्धत उचलली आणि महिन्यांचे शिक्षण सुमारे सहा-सात बैठकींत बसवले. १९५८ मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही संक्षिप्त आवृत्ती जगभरच्या मानसोपचार विभागांत पोहोचली.

या निर्णयाबद्दल आजही मतभेद आहेत, आणि येथे त्याला जास्त जागा देणे मला आवश्यक वाटते. संक्षेप करणाऱ्याची बाजू समजण्यासारखी होती. त्याला सैलावणे हे स्वतंत्र कौशल्य म्हणून शिकवायचे नव्हते, दुसऱ्या उपचाराचा आधार म्हणून तेवढ्यापुरते हवे होते, आणि एका रुग्णाला शंभर तास देणे कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाला परवडणारे नव्हते. पण या संक्षेपात फक्त वेळ कमी झाला नाही, क्रियेचा हेतूही बदलला. १९७३ मध्ये आलेल्या एका प्रशिक्षण पुस्तिकेने शरीराचे सोळा स्नायुगट ठरवून दिले. प्रत्येक गट पाच ते सात सेकंद जोरात ताणायचा, मग सोडून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचे, आणि सरावाने सोळाचे सात व सातांचे चार गट करायचे. ताण जितका जोराचा तितकी सुटका मोठी, असा त्यामागचा विचार होता. म्हणजे अल्पात अल्प ताण ओळखण्याचे शिक्षण जाऊन त्याच्या जागी मोठ्या ताणाच्या सुटकेची खूण आली. शिवाय शिक्षकाने विद्यार्थ्याकडे पाहत राहून, त्याची पापणी फडफडते का, गिळताना घसा हलतो का, हे टिपायचे, हा भागही गळून पडला, कारण त्याच सुमारास ध्वनिफिती सर्वत्र मिळू लागल्या होत्या.

१९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पुनर्परीक्षणाने या सर्व फरकांची नोंद घेतली आणि फितीवरून शिकलेल्यांच्या शरीरात समोरासमोर शिकलेल्यांइतका बदल आढळत नाही, याकडे लक्ष वेधले. दरम्यान भीतीच्या उपचारांतही असे दिसू लागले होते की, भीतीचा सामना टप्प्याटप्प्याने केला तर सैलावण्याच्या जोडीशिवायही उपचार लागू पडतो. ज्या कामासाठी पद्धत छाटली गेली, त्या कामालाच तिची फारशी गरज नव्हती, आणि तरीही छाटलेले रूपच चिंतेवरचा सर्वसाधारण उपाय म्हणून टिकून राहिले. संक्षिप्त पद्धतीने अनेकांना लाभ होतो हे नाकारण्याचे कारण नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की, ज्यांना तिने लाभ होत नाही त्यांना लांबची, सावकाश वाटही आहे हे कोणी सांगत नाही.

१९८३ मध्ये या चर्चेला वेगळे वळण मिळाले. शिकागोचा तो डॉक्टर याच वर्षी वारला. अमेरिकेतील दोन संशोधकांनी सतत ताणाखाली वावरणाऱ्या मोजक्या व्यक्तींना एकदा स्नायू सैल करण्याची आणि एकदा मंत्रजपासारख्या ध्यानाची बैठक दिली. पहिल्या प्रकारात सुमारे एक-तृतीयांश जणांचा आणि दुसऱ्यात निम्म्याहून थोड्या अधिक जणांचा ताण त्या बैठकीतच वाढला. नमुना अगदी लहान होता, त्यामुळे या प्रमाणांना जास्त महत्त्व देऊ नये, पण आराम करताना धास्ती वाढू शकते ही गोष्ट प्रयोगात नोंदली गेली. काहींना शरीरावरचा ताबा सुटतो आहे असे वाटते, काहींना हृदयाचे ठोके व श्वास एरवीपेक्षा ठळक जाणवून त्यांचीच भीती वाटते. २०११ मध्ये मांडल्या गेलेल्या एका उपपत्तीने यात भर घातली. सतत चिंता करणाऱ्याला वाईट वाटण्यापेक्षा, बरे वाटत असताना एकाएकी वाईट वाटण्याचा धक्का अधिक असह्य होतो. म्हणून तो आधीपासूनच थोडा ताणात राहतो, आणि त्याला सैल व्हायला सांगणे म्हणजे त्याची ढाल काढून घेणे असते. विद्यार्थ्यांवरील २०१९ च्या एका अभ्यासाने या मांडणीला पुष्टी दिली. तेथील संशोधकांनी यावरून सैलावण्याचा सराव सोडा असे सुचवले नाही. तो अधिक वेळा आणि अधिक काळ करावा, म्हणजे सैल अवस्थेची सवय होईल आणि तिची धास्ती ओसरेल, असा त्यांचा कल आहे. शंभर वर्षांपूर्वीचा तासभराचा रोजचा पाठ कशासाठी असावा, याचे हे एक उत्तर आहे.

आता मुंबईकडे वळतो. परळच्या महापालिका रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञांनी १९६९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर केलेला शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण चिंताविकाराचे नव्हते आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे त्याचे निष्कर्ष जपून वापरावेत. पण त्यांनी शवासन कसे शिकवले हे मला निष्कर्षांपेक्षा महत्त्वाचे वाटते. रुग्ण रोज अर्धा तास उताणा पडे. आधी पोटाने संथ, लयीत श्वास घेण्याचा सराव करायचा, श्वास घेतल्यावर किंचित आणि सोडल्यावर त्याहून जास्त थांबायचे. ही लय बसली की लक्ष नाकपुड्यांवर आणायचे, आत येणाऱ्या हवेचा गारवा आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब टिपायची. मग अवयवांचा जडपणा. बहुतेकांना हे नीट यायला सुमारे तीन आठवडे लागत. हठप्रदीपिकेच्या श्लोकात न आलेली गोष्ट येथे स्पष्ट शब्दांत आहे. धावणाऱ्या मनाला रिकामे राहण्याची आज्ञा न देता त्याला बारीक, संथ आणि निरुपद्रवी काम द्यायचे. शिकागोच्या अभ्यासक्रमात कोपराखालचा ताण शोधण्याचे कामही याच जातीचे होते. त्याच रुग्णालयाच्या मनोविकार विभागाने १९६० व ७० च्या दशकांत योगसूत्रांवर आधारलेली पाच टप्प्यांची उपचारपद्धती राबवली आणि संपूर्ण व अपुऱ्या रूपांची तुलना १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. पूर्ण क्रम शिकलेल्यांना अधिक फायदा झाला. आपल्याच शहरातले हे काम आज योगावरच्या मराठी लेखनात क्वचितच उल्लेखले जाते, याचा खेद वाटतो.

१९७० च्या दशकानंतर गोष्टी भराभर घडल्या. १९७५ मध्ये हार्वर्डच्याच एका हृदयरोगतज्ज्ञाने एखादा शब्द मनात घोळवण्याची वीस मिनिटांची सोपी पद्धत लोकप्रिय केली. मुंगेरच्या आश्रमातून उजव्या अंगठ्यापासून एकेका अवयवावर मन फिरवणारी योगनिद्रा देशभर पसरली. इगतपुरीत १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे सुरू झाली, त्यांचा हेतू विश्रांतीपेक्षा पुष्कळ मोठा असला तरी अनेक मराठी घरांतील माणसे तेथे मनःशांतीसाठीच जातात. यांतली प्रत्येक गोष्ट कोणा ना कोणाच्या उपयोगी पडली, पण चिंतेच्या रुग्णापुढे त्या सगळ्या एकाच नावाखाली येतात, आणि कोणती कशासाठी घडवली गेली होती याचा पत्ता लागत नाही.

चिंताविकारासाठी मुद्दाम बांधलेला सुधारित क्रम स्वीडनमध्ये तयार झाला आणि १९८७ मध्ये सविस्तर मांडला गेला. आधी पंधरा-वीस मिनिटांचा ताण-सोड सराव, मग न ताणता केवळ सोडण्याचा पाच-सात मिनिटांचा, मग श्वासाच्या खुणेवर दोन-तीन मिनिटांचा, पुढे बसून, चालताना, काम करताना लागतील तेवढेच स्नायू वापरण्याचा, आणि शेवटी वीस-तीस सेकंदांत सैल होण्याचा. या सगळ्याच्या आधी रुग्णाने आपल्या धास्तीची पहिली चाहूल कोठे लागते, छातीत, जबड्यात की पोटात, याची वही ठेवायची असते. काम करताना अनावश्यक स्नायू सैल ठेवण्याचा टप्पा थेट शिकागोहून आलेला आहे. ब्रिटनच्या २०११ च्या अधिकृत उपचार-मार्गदर्शिकेने दीर्घकालीन चिंताविकारासाठी बोधात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलण्याच्या उपचाराच्या, बरोबरीने याच क्रमाची शिफारस केली, आणि प्रशिक्षित व्यक्तीने समोर बसून आठवड्याला एक याप्रमाणे बारा ते पंधरा बैठका घ्याव्यात असे म्हटले. फोनवरच्या ध्वनिमुद्रणात यातला साधारणपणे पहिलाच टप्पा असतो, आणि चाहुलीची वही तपासायला समोर कोणी नसते.