समुद्रात उभी, तलावात आडवी

माझी भाची तारकर्लीला समुद्रात उभ्याने वल्हं मारायला शिकली. ‘सप’ म्हणतात त्या खेळाला, म्हणजे स्टँड-अप पॅडल. सर्फिंगच्या फळीहून लांब-रुंद फळीवर उभं राहायचं आणि उंच दांड्याचं एकच वल्हं कधी डावीकडे, कधी उजवीकडे मारत पुढे जायचं. हवाई बेटांवरून जगभर पसरलेला हा खेळ. मे महिन्यात ती इंदूरला आली ती हवा भरायची फळी पाठीवर घेऊनच. मग आम्ही बडवाह, सनावद, मूंदी करत हनुवंतियाला गेलो, नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या तलावाकाठी. निघताना तिचे बाबा म्हणाले, “समुद्रात उभी राहते, तिला तलावाचं काय!” मीही मान डोलावली. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने ती डोलवायला नको होती.

दुपारी दोनच्या सुमारास हातपंपाने फळी टणक केली. गाडीच्या टायरच्या जवळजवळ निम्मा दाब लागतो तिला, आणि शेवटचे पन्नास हात मारताना मामाचा जीव जातो. लाइफ जॅकेट, घोट्याला बांधायची दोरी, सगळं घालून पोरगी निघाली. वाऱ्याकडे तोंड करून छान गेली. पाणी समुद्रासारखं उसळत नव्हतं, नुसतं खरखरीत दिसत होतं, वीतभर उंचीच्या लाटा. परतायला वळली आणि पडली. पुन्हा चढली, वळली, पडली. तिसऱ्यांदाही तेच.

काठावरचा एक नाववाला म्हणाला, “ये पानी बलि माँगता है.” बहिणीने लगेच नारळाची गोष्ट काढली. नारळाला माझी हरकत नाही, खोबरं आम्हीच खाल्लं असतं. हरकत या ‘बळी’ शब्दाला आहे. पाण्यावर खापर फोडलं की किती वाजता, कुठल्या वाऱ्यात, जॅकेट न घालता कोण उतरलं होतं, हे कुणी विचारत नाही. आणि इथे तर उत्तर डोळ्यांसमोर होतं. पोरगी तिन्ही वेळा वळतानाच पडली होती.

लाट म्हटलं की आपण उंची विचारतो. फळीवर उभ्या माणसाला उंचीशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला पाडतो तो उतार. तारकर्लीला खुल्या समुद्रातून येणारी मीटरभर उंचीची लाट घ्या. दोन शिखरं एका जागेवरून जायला तिला दहा सेकंद लागतात, आणि किनाऱ्याजवळ आखडली तरी तिची लांबी साठ मीटर सहज भरते. सर्वांत तीव्र उतार काढायचा तर उंचीला ‘पाय’ने (π, म्हणजे ३.१४) गुणायचं, लांबीने भागायचं, आणि उत्तर अंशांत हवं म्हणून ५७ ने गुणायचं. हिशेब येतो जेमतेम ३ अंश. तेवढा उतार पाच सेकंदांत हळूच एका बाजूचा दुसऱ्या बाजूला होतो. लिफ्टमध्ये उभं राहिल्यासारखं वर जायचं, खाली यायचं.

आता तलावातली वीतभर लाट, म्हणजे १५ सेंटीमीटरची. लांबी ३ मीटर. तोच हिशेब केला तर उतार ९ अंश! तोही डावीकडून उजवीकडे पाऊण सेकंदाच्या आत. तोल गेल्याचं मेंदूला कळून घोट्याचे स्नायू कामाला लागायलाच सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग जातो. ते सावरेपर्यंत उतार उलटा झालेला असतो आणि सावरणं हाच धक्का ठरतो.

तलावातली लाट इतकी आखूड का? कारण वाऱ्याला तिथे मोकळी धाव मिळत नाही. (इथून पुढे दोन परिच्छेद मला आवरत नाहीत. कंटाळा आला तर पत्र्याच्या गोष्टीवर या.) स्तब्ध पाण्यावर वाऱ्याची झुळूक आली की आधी शहारा उठतो. इंदूरच्या सिरपूर तलावाच्या काठी पक्षी बघायला जाता तेव्हा दुर्बीण जरा खाली करून पाहा, गडद ठिपके पळताना दिसतील. या बारीक तरंगांना परत सपाट करायला ओढतो तो मुख्यतः पाण्याचा पृष्ठताण. १.७ सेंटीमीटरहून लांब तरंगात हे काम गुरुत्वाकर्षणाकडे जातं. गंमत अशी की नेमक्या या सीमेवरचा तरंग सर्वांत मंद असतो, सेकंदाला २३ सेंटीमीटर. त्याहून लहान तरंग अधिक वेगवान, आणि मोठेही अधिक वेगवान. खोल पाण्यावर याहून हळू लाट चालूच शकत नाही.

एकदा पृष्ठभाग खरखरीत झाला की वाऱ्याला धरायला खाच मिळते. शिखरांवरच्या हवेच्या दाबात फरक पडतो, लाट वाढते, वाढली की आणखी वारा धरते. ही ऊर्जा नेमकी कशी शिरते हे ओवेन फिलिप्स आणि जॉन माइल्स या दोघांनी १९५७ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी मांडलं. फिलिप्स यांनी वाऱ्यातल्या वेड्यावाकड्या दाबापासून सुरुवात केली, माइल्स यांनी उंचीनुसार वाढत जाणाऱ्या वाऱ्याच्या वेगापासून. लाट जितकी लांब पळेल तितकी ती उंच होते आणि लांबही. खोल पाण्यात वेगाचा वर्ग लांबीच्या प्रमाणात असतो. त्यातून एक सोपं सूत्र निघतं: दोन शिखरांमधल्या सेकंदांचा वर्ग करा, १.५६ ने गुणा, लांबी मीटरमध्ये हातात. समुद्रावरच्या लाटेने शेकडो किलोमीटर पळून आपली लांबी कमावलेली असते. तलावाच्या आमच्या बाजूच्या फाट्यात वाऱ्याला त्या दुपारी किलोमीटरभरच मोकळं पाणी होतं. मी पाण्यात रोवलेल्या काठीजवळून जाणारी शिखरं मोजली, दहा लाटांना १४ सेकंद. १.४ चा वर्ग, गुणिले १.५६. ३ मीटर.

आता पत्रा. गच्चीवरच्या शेडचा पन्हाळी पत्रा डोळ्यांपुढे आणा. एक लांब फळी पन्हळींना आडवी टाकली तर ती दोन-तीन उंचवट्यांवर टेकते आणि सपाट राहते, पुलासारखी. तीच फळी, पण पन्हळीहून अरुंद असेल तर, पन्हळीच्या दिशेने ठेवली की थेट उतारावर बसते आणि कलते. भाचीची फळी ३.२ मीटर लांब, ०.८ मीटर रुंद. वाऱ्याकडे तोंड असताना अख्खी लाट तिच्या पोटाखाली मावत होती. पुढे चढ, मागे उतार, बेरीज शून्य. नाकावर थपाथप पाणी आपटत होतं तेवढंच. वळताना ती लाटेला समांतर झाली आणि ०.८ मीटरची रुंदी एकाच उतारावर पूर्ण बसली. ९ अंश, रोख.

त्यात फळीला आडवी कलायची खोडच असते. चौकोनी फळीचा हिशेब केला तर लांबीच्या दिशेने ती कलायला जितका विरोध करते, त्याचा सोळावा भागच रुंदीच्या दिशेने करते. लांबी-रुंदीचं गुणोत्तर ४, त्याचा वर्ग १६. म्हणून ‘आमची फळी उलटतच नाही’ अशी जाहिरात दिसली की रुंदी विचारावी, आणि फोटोतलं पाणी बघावं. ते नेहमी आरशासारखं असतं.

वाऱ्याचा स्वतःचा धक्काही आहे. उभा माणूस म्हणजे शिडाचा तुकडाच. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर साधारण सव्वा किलो वजनाइतकं बळ येतं. वारा दुप्पट झाला की बळ चौपट, पाच किलोच्या आसपास. गुडघ्यांवर बसलं की शिडाचा आकार कमी होतो आणि गुरुत्वमध्यही खाली येतो. भाचीला हे माहीत होतं, पण फोटो काढायला आम्ही काठावर होतो ना.

दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर दगड रचून बांधलेल्या काठाजवळ आणखी एक गंमत. लाट दगडावर आपटून परत फिरते, येणारी आणि जाणारी एकमेकींत मिसळतात, कुठे उंची जवळजवळ दुप्पट तर कुठे उतार. पोरगी तिसऱ्यांदा पडली ती नेमकी तिथे.

वारा दुपारीच का, हेही सांगून टाकतो. तापलेली जमीन हवा वर ढकलते, तिच्या जागी वरच्या थरातली वेगवान हवा खाली येते. रात्री जमीन निवली की हे मिसळणं थांबतं. माळव्याच्या रात्री गार आणि निवांत म्हणून नावाजल्या जातात त्या काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. पाणी तेलासारखं. पोरगी उभी, आडवी, उलटी, कशीही वळली, एकदाही पडली नाही. नाववाला चहा घेऊन आला, बळीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. साडेनऊच्या सुमाराला पहिला शहारा धावला. दहाला वारा फिरला आणि फाट्याच्या तोंडाकडून, मोकळ्या पाण्यावरून येऊ लागला. मी घड्याळ काढलं. दहा लाटांना १९ सेकंद, म्हणजे साडेपाच मीटर. आता फळीचं नाक शिखरावर असताना शेपूट खळग्यात जाणार, पूल मोडला. मी हाक मारली. ती गुडघ्यांवर बसून काठाला आली आणि कुरकुरत का होईना, हवेची झडप उघडली.