डेथ कॅप आणि पेंढ्यावरची अळंबी: फरक कुठे आहे?

भातपेंढ्यावरची अळंबी चीनपासून आग्नेय आशियापर्यंत रोजच्या जेवणात असते. आपल्या ओडिशातही ती मोठ्या प्रमाणावर पिकवतात. डेथ कॅप ही जीवघेणी विषारी अळंबी, मूळची युरोपातली. ओकच्या झाडांबरोबर ती ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्नियात पोहोचली. लहानपणापासून एकच अळंबी पाहिलेला माणूस तिथे जातो, ओकखाली तसलीच काहीतरी उगवलेली दिसते आणि नजर चटकन हो म्हणते. कॅनबेरात २०११ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री जेवणात डेथ कॅप आली आणि त्यात दोघांचा जीव गेला. त्यांतला एक व्यवसायाने आचारी होता. म्हणून हे मी मेलबर्न, सिडनी, सॅन होजेच्या मराठी घरांसाठीही लिहितो आहे.

दोन्हींच्या बुडाशी पिशवी असते, आणि गोंधळ तिथेच होतो. पुढे फरक पडतो. डेथ कॅपच्या देठावर वरच्या बाजूला पातळ झालर असते, पेंढ्यावरच्या अळंबीला ती नसते. डेथ कॅपच्या छत्रीखालच्या पट्ट्या शेवटपर्यंत पांढऱ्या राहतात, दुसरीच्या वाढत्या वयाबरोबर गुलाबी होतात. छत्री कापून कागदावर पालथी घालावी, वर वाटी झाकून रात्रभर ठेवावी. बीजाणूंचा, म्हणजे छत्रीतून गळणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा डेथ कॅपचा पांढरा पडतो, पेंढ्यावरच्या अळंबीचा गुलाबी. पण गुलाबी ठसा म्हणजे खायला हरकत नाही, असं मुळीच नाही. गुलाबी ठशाच्या विषारी अळंब्याही आहेत.

शिवाय या खुणा दर वेळी सापडत नाहीत. झालर पावसात गळून पडते, घाईने उपटलं तर पिशवी मातीतच राहते. सगळ्यात वाईट म्हणजे कोवळी, अजून न उमललेली अळंबी. पेंढ्यावरची अळंबी लोक आवडीने खातात ती याच अवस्थेत, आणि तेव्हा ना झालर दिसते, ना पट्ट्यांचा रंग कळतो. माझं मत स्पष्ट आहे: परदेशात रानातली अशी कोवळी अळंबी घरी आणूच नये. बाजारात डब्यातली मिळते, ती घ्यावी.

चांदीचा चमचा काळा पडतो का, किडे खातात का, या परीक्षा निरुपयोगी आहेत. डेथ कॅपमधलं अमॅटॉक्सिन हे विष उकळून, तळून किंवा वाळवून जात नाही. वाचलेल्यांनी चव चांगली होती असंच सांगितलं आहे.

उलट्या-जुलाब बहुधा ६ ते २४ तासांनी सुरू होतात. मग एखाद-दुसरा दिवस बरं वाटतं, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. म्हणून संशय आला की त्रासाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. शिजवलेलं उरलं असेल ते आणि कचऱ्यात टाकलेले देठसुद्धा सोबत न्या, म्हणजे नेमकं काय खाल्लं ते डॉक्टरांना ओळखता येईल.