विरजणापुरते दही

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, संशोधन अनुदानावर दिला जाणारा ‘अप्रत्यक्ष खर्च’, म्हणजे वीज, इमारत, प्रशासन अशा गोष्टींसाठीचा पैसा, सर्व संस्थांसाठी सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. प्रकरण तातडीने न्यायालयात गेले आणि न्यायालयाने अंमलबजावणी रोखली. ही बातमी वाचून बहुतेकांच्या मनात येणारा प्रश्न साधा असतो : पैसा प्रयोगाला द्यावा, वीजबिलाला कशाला? काही संस्थांचा दर ६० टक्क्यांहून अधिक आहे, हे कळल्यावर तर तो प्रश्न आणखीच रास्त वाटू लागतो. त्यात एक गफलत आहे. ६० टक्के म्हणजे १०० डॉलरमधले ६० नव्हेत, तर प्रयोगाच्या १०० डॉलरवर वेगळे दिलेले ६०. एकूण १६० मधला त्यांचा वाटा ३७.५ टक्के होतो. शिवाय उणे ८० अंशांवर रक्ताचे नमुने जपणारा फ्रीझर विजेवरच चालतो.

मला मात्र या वादात एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा खर्च मिळतो तो अनुदान मिळवणाऱ्या संस्थेलाच. ज्या संस्थेला अनुदानच मिळत नाही, तिला ते मिळवण्यासाठी लागणारी प्रयोगशाळा उभी करण्याचे पैसेही या वाटेने मिळत नाहीत. दूध कितीही चांगले असले तरी दही लावायला आधी चमचाभर दही लागते, तशातला हा प्रकार आहे.

एनआयएचकडे आलेला प्रस्ताव त्याच विषयातल्या तज्ज्ञांची समिती वाचते. अगदी अलीकडेपर्यंत हे तज्ज्ञ पाच निकषांवर गुण देत असत : विषयाचे महत्त्व, संशोधक, नावीन्य, कार्यपद्धती आणि संस्थेतील सोयीसुविधा. गुण १ ते ९, आणि आपल्या परीक्षांच्या उलट १ सर्वोत्तम. त्याशिवाय प्रत्येक सदस्य प्रस्तावाला एकंदर गुण देतो. त्यांच्या सरासरीला १० ने गुणले की १० ते ९० मधला अंतिम आकडा मिळतो आणि इतर प्रस्तावांच्या तुलनेत तो कुठे बसतो, यावर पैशांचा निर्णय बराचसा अवलंबून असतो. आता हे पाच निकष नीट पाहावेत. संशोधकाची पारख त्याच्या आधीच्या शोधनिबंधांवरून होते, सोयीसुविधांची आधी विकत घेतलेल्या यंत्रांवरून, आणि कार्यपद्धतीवर विश्वास बसतो तो प्राथमिक निष्कर्ष जोडलेले असतील तेव्हा, म्हणजे काम थोडेफार आधीच झालेले असेल तेव्हा. पाचांपैकी तीन निकषांवर भूतकाळाचे वजन पडते. परीक्षक पक्षपाती असण्याचीही गरज नाही. प्रत्येकाने प्रामाणिकपणे गुण दिले तरी उतार त्याच बाजूला राहतो. जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून आलेल्या प्रस्तावांसाठी ही रचना बदलली असून संशोधक आणि सुविधा यांना आता वेगळे गुण दिले जात नाहीत, ते पुरेसे आहेत की नाहीत एवढेच नोंदवले जाते. बदल चांगला आहे. पण प्रस्ताव तडीस जाण्याजोगा आहे का, हा निकष कायम आहे आणि प्राथमिक निष्कर्षांची गरज तिथे उरतेच.

हा उतार किती तीव्र असतो, हे नेदरलँड्समधील तरुण संशोधकांच्या अनुदानांवरील एका अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले. अभ्यासकांनी फक्त सीमारेषेजवळचे अर्जदार निवडले : काहींचे गुण रेषेच्या जेमतेम वर, काहींचे जेमतेम खाली. गुणवत्तेत त्यांच्यात फरक आहे, असे म्हणण्यास जागा नव्हती. तरीही पुढच्या आठ वर्षांत वरच्यांनी खालच्यांच्या दुपटीहून अधिक संशोधन निधी मिळवला. यातला खरा चटका लावणारा भाग असा की, या दरीचे एक कारण अर्जदारांच्याच वागण्यात होते. एकदा नकार मिळालेले संशोधक पुढे अर्जही कमी करू लागले. स्पर्धेत उतरलेल्यांचीच आकडेवारी पाहणाऱ्याला हे नुकसान कधी दिसतच नाही.

हे चक्र कुठेतरी तोडायचे म्हणून १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एनआयएचमध्ये एक स्वतंत्र कार्यक्रम मंजूर केला. त्याचे इंग्रजी लघुरूप ‘आयडिआ’ असे आहे. एनआयएचचा निधी ऐतिहासिकदृष्ट्या कमी मिळालेली २३ राज्ये आणि प्वेर्तो रिको एवढ्यांसाठीच तो आहे. त्यात मिसिसिपी, मोंटाना, वेस्ट व्हर्जिनिया, अलास्का ही राज्ये येतात. एनआयएचच्या एकूण अंदाजपत्रकातला त्याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. २००० पासून त्यात संशोधन केंद्रांची एक योजना सुरू झाली आणि तिची रचना मला अतिशय हुशारीची वाटते. एखाद्या विषयाभोवती केंद्र उभे राहते, एक अनुभवी संशोधक ते चालवतो, आणि त्याच्या हाताखाली काही तरुण संशोधकांना प्रकल्पासाठी पैसे व मार्गदर्शन मिळते. यांच्यापैकी एखाद्याने खुल्या स्पर्धेत स्वतःचे मोठे अनुदान मिळवले की त्याने केंद्राच्या पैशांतून बाहेर पडायचे आणि ती जागा दुसऱ्या नवख्याला द्यायची. केंद्राला पाच-पाच वर्षांचे तीन टप्पे मिळू शकतात, आणि शेवटच्या टप्प्यात भर असतो तो सर्वांनी मिळून वापरायच्या यंत्रकक्षावर.

यंत्रकक्ष म्हणजे यंत्र नव्हे, हे समजण्यासाठी फ्लो सायटोमीटरचे उदाहरण घेऊ. रक्तातल्या पेशी एका द्रवाच्या वेगवान धारेत सोडल्या की त्या धारेच्या मध्यभागी एकामागोमाग एक अशा रांगेत येतात आणि सेकंदाला हजारो पेशी लेसरच्या झोतासमोरून जातात. पेशीवर आदळून पुढे विखुरणारा प्रकाश तिच्या आकाराचा अंदाज देतो, बाजूला विखुरणारा तिच्या आतल्या कणांचा. पेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना आधीच चमकणारे रंग चिकटवलेले असतात. कोणता रंग चमकला यावरून पेशीचा प्रकार कळतो. इथवर सारे सरळ आहे. अडचण अशी की फ्लुओरेसीन हा हिरवा रंग ५२० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक चमकत असला, तरी त्याच्या प्रकाशाचे शेपूट पिवळ्या-नारिंगी पट्ट्यात पसरते, आणि तिथे फायकोएरिथ्रिन या दुसऱ्या रंगासाठी बसवलेला शोधक तेही मोजतो. समजा फ्लुओरेसीनच्या १०० एकक प्रकाशामागे १५ एकक असे पलीकडे सांडतात. मग दुसऱ्या शोधकाच्या आकड्यातून तेवढे वजा करावे लागतात. दहा रंग असतील तर प्रत्येकाची सांडलवंड उरलेल्या नऊ ठिकाणी होते, दहा आडव्या व दहा उभ्या ओळींची सारणी तयार होते आणि तिचे व्यस्त काढून खरे आकडे मिळवावे लागतात. संगणक हे क्षणात करतो, पण सारणीतले आकडे येतात एकेकच रंग लावलेल्या वेगवेगळ्या नमुन्यांतून. ते नमुने निष्काळजीपणे केले, तर शरीरात अस्तित्वातच नसलेला पेशींचा एक नवा समूह पडद्यावर दिसू लागतो.

म्हणून ते नमुने दररोज निगुतीने करणारा तंत्रज्ञ, त्याचा नियमित पगार, लेसरची देखभाल आणि रंगांची खरेदी या गोष्टी यंत्राइतक्याच संशोधनक्षमतेचा भाग असतात. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा मनोभावे घातल्या जातात, दारावर ‘उत्कृष्टता केंद्र’ अशी पाटीही झळकते, आणि वार्षिक देखभालीचा करार मात्र निधीअभावी संपलेला असतो. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वर्षानुवर्षे झाकलेले असे एक यंत्र मी स्वतः पाहिले आहे. त्याच्यावरचे कुंकू ताजे होते.

गुणवान संशोधकांना थेट बोस्टनसारख्या नामवंत संस्थांच्या शहरातच का नेऊ नये, असाही प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात आहे. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या एका मोठ्या हृदयरोग पाहणीतील कृष्णवर्णीय सहभागी प्रामुख्याने या शहरातले होते. त्या पाहणीतील ३,३६३ कृष्णवर्णीयांपैकी २.६ टक्के लोकांत पीसीएसके९ या जनुकाची एक प्रत निकामी असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हे जनुक जे प्रथिन घडवते, ते यकृतावरील कोलेस्टेरॉल टिपणाऱ्या ग्राहींचा नाश घडवून आणते. प्रथिन कमी पडले की ग्राही टिकतात आणि रक्तातले ‘वाईट’ कोलेस्टेरॉल घटते. या लोकांत ते सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते, आणि हृदयधमनीविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी. हेच प्रथिन रोखणारी औषधे २०१५ मध्ये बाजारात आली. ती पाहणी ‘आयडिआ’च्या पैशांवर झालेली नव्हती, हे नमूद करायला हवे. पण उत्तर जिथल्या लोकांच्या रक्तात होते, तिथे जाऊन वर्षानुवर्षे त्यांचा विश्वास सांभाळावा लागतो. २००० मध्ये त्याच शहरात ५,३०६ कृष्णवर्णीय प्रौढांची स्वतंत्र हृदय पाहणी सुरू झाली, तेव्हा तिच्यात जॅक्सन स्टेट विद्यापीठ आणि टूगालू महाविद्यालय या स्थानिक संस्था भागीदार होत्या.

भारतातही असे प्रयत्न आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘फिस्ट’ योजना २००० पासून विद्यापीठ विभागांना यंत्रे आणि मूलभूत सोयींसाठी निधी देते, जैवतंत्रज्ञान विभागाची ‘स्टार कॉलेज’ योजना २००८ पासून पदवी महाविद्यालयांपर्यंत पोहोचली आहे, आणि अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाच्या ‘पेअर’ कार्यक्रमात एका नामवंत संस्थेशी इतर विद्यापीठे जोडली जातात. बैलगाडीच्या चाकाच्या भाषेत सांगायचे तर मध्ये तुंबा आणि भोवती आरे. या रचनेत माझी नजर तुंब्यावर नसून आऱ्याच्या दुसऱ्या टोकावर राहील : प्रकल्पाचा काळ संपल्यावर तिथल्या यंत्रकक्षात सायटोमीटरचे एकरंगी नमुने सकाळी कोण करत असेल, आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून निघत असेल.