संगणकजनित कृती (प्रताधिकार)

मानवी लेखकाशिवाय संगणकाने घडवलेली वाङ्मयीन, नाट्य, संगीत वा कलात्मक कृती. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात तिच्याविषयी दोन प्रश्न येतात : कर्ता कोण, आणि यंत्राला शिकवताना इतरांच्या कृतींची नक्कल करणे क्षम्य आहे काय. त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

अशा कृतीला कायद्यात प्रथम स्थान बहुधा ब्रिटनच्या १९८८ च्या अधिनियमाने दिले. निर्मितीसाठी आवश्यक ती व्यवस्था करणारी व्यक्ती तेथे कर्ता मानली जाते. संरक्षण निर्मितीच्या वर्षअखेरीपासून ५० वर्षे मिळते. भारताच्या १९५७ च्या अधिनियमात १९९४ च्या दुरुस्तीने ‘कृती निर्माण होण्यास कारणीभूत झालेली व्यक्ती’ कर्ता ठरली. ब्रिटिश तरतुदीची छाया येथे दिसते, तरी ‘व्यवस्था करणे’ आणि ‘कारणीभूत होणे’ एक नव्हे. पहिल्यात भांडवल घालणाराही बसू शकतो. दुसऱ्याचा रोख प्रत्यक्ष आज्ञा देणाऱ्याकडे अधिक वाटतो. शिवाय मालकी सांगितल्याने संरक्षणासाठी लागणारी मौलिकता सिद्ध होत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी वि. मोडक या प्रकरणात तिच्यासाठी किमान सर्जनशीलतेची अट घातली आहे.

कृती यंत्राची, माणसाची नव्हे, असा यांत्रिकतेचा आक्षेप कॅमेऱ्यावरही घेतला गेला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये छायाचित्रकाराने ठरवलेली बैठक, पोशाख व प्रकाशयोजना पाहून तो फेटाळला. मात्र केवळ यंत्राला कर्ता दाखवलेल्या चित्राची नोंदणी नाकारण्याचा निर्णय तेथील अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवला. बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सूचना बदलत घडवलेल्या चित्राला संरक्षण दिले. दोन्ही निकाल परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. दुसऱ्यात माणसाच्या निवडीचा पुरावा होता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा न्याय्य वापराच्या, म्हणजे परवानगीशिवाय केलेला काही वापर क्षम्य मानणाऱ्या, तत्त्वात शोधले जाते. त्याचा उगम वादग्रस्त आहे. प्रचलित मत तो १८४१ च्या अमेरिकी फोल्सम वि. मार्श खटल्यात पाहते. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्रांच्या नकलेविषयीच्या या खटल्यात न्या. जोसेफ स्टोरी यांनी वापराचा हेतू, घेतलेल्या भागाचे प्रमाण व मूल्य आणि मूळ कृतीच्या विक्रीची हानी हे निकष मांडले. मात्र निकाल नक्कल करणाऱ्याच्या विरुद्ध गेला, हे अनेकदा विसरले जाते. दुसरे मत १७४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये चाललेल्या गाइल्स वि. विल्कॉक्स खटल्याकडे जाते; तेथे प्रामाणिक संक्षेप ही नवी कृती ठरली. तत्त्वाचे बीज येथे आणि निकषांची मांडणी स्टोरींची, असे मानणे अधिक सयुक्तिक. अमेरिकेने हे निकष १९७६ च्या अधिनियमात लेखी आणले.

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन जिल्हा न्यायाधीशांनी पुस्तकांवर यंत्राला शिकवणे न्याय्य वापर ठरवले, पण कारणे वेगळी दिली. एकाने वापराच्या रूपांतरक (मूळ कृतीहून वेगळा हेतू साधणाऱ्या) स्वरूपावर भर देताना चोरीच्या प्रतींचा संग्रह त्यातून वगळला. दुसऱ्याने बाजारहानीचा पुरावा अपुरा मानला.

जपानने २०१८ च्या दुरुस्तीने व युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा वापरासाठी प्रताधिकाराला स्वतंत्र अपवाद केले आहेत. भारतातील कलम ५२ चा ‘न्याय्य व्यवहार’ ठरावीक प्रयोजनांपुरता असून त्यात यंत्रशिक्षणाचा उल्लेख नाही. हा मुद्दा नोव्हेंबर २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या दाव्याने दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला.