नारू

उघड्या विहिरीतले किंवा तळ्यातले न गाळलेले पाणी पोटात गेल्याने होणारा कृमिरोग. रोग उत्पन्न करणाऱ्या कृमीलाही (ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस) हेच नाव आहे. ‘कारू-नारू’ या जोडशब्दातील नारू म्हणजे अलुतेदार. त्याचा येथे संबंध नाही. प्रस्तुत शब्द ‘स्नायु’शी नाते असलेल्या प्राकृत ‘ण्हारु’वरून आला असावा. संस्कृत वैद्यकात या रोगाला स्नायुक म्हणतात, हे या व्युत्पत्तीला पोषकच आहे. भावप्रकाशात (सुमारे सोळावे शतक) दोऱ्यासारखा पांढरा जीव जखमेतून हळूहळू बाहेर येतो व तुटल्यास विकार बळावतो, असे वर्णन असून ते आजही बिनचूक ठरते.

रोगाच्या प्राचीनतेबद्दल मतभेद आहेत. ईजिप्तमधील एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात (इ. स. पू. सुमारे 1550) त्यावरील उपचार आहे, असे काही अभ्यासक मानतात. बायबलमधील ‘अग्निसर्प’ म्हणजे नारूच, हे मत प्रसिद्ध असले, तरी त्याला आधार तोकडा आहे. ग्रीक वैद्यकदेव ॲस्क्लेपिअसच्या काठीवरील साप मुळात बाहेर काढताना काडीला गुंडाळलेला नारू होता, ही कल्पना आकर्षक खरी, पण सिद्ध झालेली नाही. त्या मानाने मँचेस्टरच्या संग्रहालयातील एका ईजिप्शियन ममीत सापडलेला चुनखडीभूत कृमी हा भक्कम पुरावा होय.

कृमीची मादी सु. 60 ते 100 सेंमी. लांब असते. संसर्गानंतर सुमारे वर्षाने ती बहुधा पायावर फोड आणते. आग शमवण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवतो आणि त्याच वेळी हजारो डिंभ (अळ्या) पाण्यात सुटतात. ते सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचराच्या पोटात वाढतात आणि त्याच्यासह पिण्याच्या पाण्यातून माणसाच्या पोटात जातात. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन निसर्गशास्त्रज्ञ फेडचेंको यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियातील तुर्किस्तानात दाखवला. मुंबईत तुरखुड यांनी 1913–14 च्या सुमारास माणसावरील प्रयोगाने त्याची पुष्टी केली.

पायविहीर (बारव) या रोगाला विशेष पोषक ठरे. हंडा बुडवायला पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहावे लागे. म्हणजे दुखरा पाय आणि पिण्याचे पाणी एकाच ठिकाणी. पोहऱ्याने शेंदण्याच्या विहिरीत हा संपर्क टळतो. जेथे गावाला दुसरा पाणवठा नव्हता, तेथे रोग पुन्हापुन्हा येई आणि ऐन कामाच्या दिवसांत घरातला राबता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे.

यावर लस नाही, कृमी मारणारे औषध नाही. एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. त्यामुळे भारतातील निर्मूलन मोहिमेची (1983–84 पासून) सारी भिस्त पाण्यावर होती : पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून त्या शेंदण्याजोग्या करणे, हातपंप बसवणे, पाणी दुहेरी फडक्यातून गाळणे आणि सायक्लॉप्स मारण्यासाठी पाण्यात टेमेफॉस टाकणे. आरंभी राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक व तमिळनाडू या राज्यांत मिळून वर्षाला सुमारे 40,000 रुग्ण आढळत. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. आफ्रिकेत रोग अद्याप पुरता हटलेला नाही. चाडमध्ये तो कुत्र्यांतही आढळतो.