लंडन आपल्याकडे चालत येत नाही

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना विमानाला परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "असं कसं? पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडन आपल्याच दिशेने सरकत असणार. उलट लवकर पोचायला हवं!" काही महाभाग तर यावरून 'पृथ्वी फिरतच नाही' असा शोध लावून तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतात.

गोम अशी की पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. ती फिरली नसती तर मुंबईत बारा महिने ताशी १,५८० किलोमीटरचं वारं सुटलं असतं. विमान याच फिरत्या हवेत पोहतं. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा थेट फायदाही नाही, तोटाही नाही.

आडून मात्र आहे, आणि खरी गंमत तिथेच. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. तिथली तापलेली हवा वर चढून ध्रुवाच्या दिशेने निघते. ३० अक्षांशांवर येईतो तिचं पृथ्वीच्या अक्षापासूनचं अंतर ०.८६६ पट उरतं. कोनीय संवेग (फिरत्या वस्तूच्या फिरण्याचा जोर) कायम राहायचा, तर हे अंतर घटलं की वेग वाढलाच पाहिजे : १,६७० भागिले ०.८६६, म्हणजे जवळपास १,९३०. खालची जमीन मात्र तिथे १,४५०नेच फिरते. म्हणजे हवा जमिनीच्या ताशी ४८० किलोमीटरने पुढे! प्रत्यक्षात घर्षण आणि भोवरे यातला बराच वेग खातात, तरी हिवाळ्यात ताशी दोनशे-तीनशेचा झोत सहज उरतो. हाच जेट स्ट्रीम. आणखी उत्तरेला दुसरा झोत असतो. तो थंड आणि उबदार हवेच्या तापमानातल्या फरकावर पोसला जातो. दोन्ही पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, तेही दहा-बारा किलोमीटर उंचीवर, नेमके प्रवासी विमानांच्या वाटेत. म्हणून लंडनला जाताना वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली निष्कर्ष छापले. पण छापले एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत! जगाने अर्थातच दुर्लक्ष केलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, तेव्हा 'आवाजापेक्षा वेगवान' असे मथळे झळकले. निव्वळ फुगवाफुगवी. ताशी १,३०० किलोमीटर हा वेग जमिनीच्या सापेक्ष होता. भोवतालच्या हवेत ते विमान नेहमीच्याच चालीने, ध्वनीपेक्षा कमी वेगाने जात होतं.

एअर इंडियाने २०१६ मध्ये याच वाऱ्याचा हिशेब मांडला. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ते पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, वळवल्यावर अंतर १५,३०० झालं, तरी पाठीशी वारा असल्याने वेळ वाचला. परतताना ते अटलांटिकवरूनच, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच येई. एका जाण्यायेण्यात अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा!